मंदीची चाहूल : तंजावरच्या भाताच्या हिशेबातून

देशात मंदी आली आहे असे सरकारी आकडे सांगू लागतात, तेव्हा ती येऊन बराच काळ लोटलेला असतो. राष्ट्रीय उत्पन्नाची मोजदाद करावयाची म्हणजे तीन महिन्यांचे व्यवहार आधी पुरे व्हावे लागतात, मग हिशेब गोळा करावे लागतात, ते तपासावे लागतात, आणि मगच एखादा आकडा प्रसिद्ध होतो. ज्याच्या दुकानाकडे गिऱ्हाईक फिरकलेले नसते, किंवा ज्याला मुकादमाने 'उद्यापासून येऊ नकोस' असे सांगितलेले असते, त्याला ही बातमी केव्हाच कळून चुकलेली असते. तज्ज्ञांना जे उशिरा समजते ते ज्यांना आधी समजते, त्यांनाच जाऊन विचारावे, ही कल्पना त्यामुळे सुचली. निरनिराळ्या उद्योगांतील खरेदी पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना दरमहा तेच ते मोजके प्रश्न घातले जातात. गेल्या महिन्याच्या मानाने मागणी वाढली, तेवढीच राहिली, की घटली? कामावरची माणसे वाढली की कमी झाली? किती वाढली, किती घटली, हे विचारीत नाहीत. 'वाढली' म्हणणारे शेकडा किती ते घ्यावयाचे, त्यात 'तेवढीच' म्हणणाऱ्यांची निम्मी संख्या मिळवावयाची, की निर्देशांक तयार. तो पन्नासाच्या वर असला तर व्यवहार वाढत आहेत, खाली असला तर आटत आहेत असे मानतात.

ही युक्ती भोळी वाटते खरी. पण ती किती उपयोगी पडते हे २०२० साली आपण सर्वांनी पाहिले. त्या वर्षी एप्रिल महिन्यात देशभर टाळेबंदी होती. मे महिना उजाडतो न उजाडतो तोच कारखानदारीचा निर्देशांक २७.४ वर आणि सेवाव्यवसायांचा ५.४ वर आल्याचे जाहीर झाले. ५.४ याचा अर्थ व्यवहार पाच टक्क्यांवर आले असा नव्हे. धंदा वाढला, किंवा निदान टिकला, असे म्हणणारा जवळजवळ कोणी उरला नाही, एवढाच त्याचा अर्थ. एप्रिल ते जून या तिमाहीत राष्ट्रीय उत्पन्न २३.९ टक्क्यांनी घटले, हा अधिकृत अंदाज बाहेर पडला तो ३१ ऑगस्टला. मधल्या चार महिन्यांत ज्यांना काही निर्णय घ्यावयाचे होते त्यांच्या हाती त्या साध्या प्रश्नांच्या उत्तरांवाचून फारसे काही नव्हते.

परंतु श्रोतेहो, आज मला बोलावयाचे आहे ते या निर्देशांकाविषयी नव्हे. तो ज्या गोष्टीची चाहूल घेतो, ती गोष्ट फार जुनी आहे. आणि ती स्पष्टपणे पाहावयाची तर जेथे व्यवसाय एकच आहे असा एखादा प्रांत निवडणे बरे. असा प्रांत आपल्या, म्हणजे मराठी माणसाच्या, इतिहासातच सापडतो. तो म्हणजे तंजावर.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी कावेरीच्या तीरावर जे राज्य स्थापन केले, ते जवळजवळ एकशे ऐंशी वर्षे टिकले. सरस्वती महालातील ग्रंथ, बृहदीश्वराच्या देवळातील भिंतींवर सरफोजी राजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख, राजांनी लिहिलेली नाटके, यांचे कौतुक आपण अनेकदा ऐकतो, आणि ते योग्यच आहे. पण हे सारे वैभव ज्यावर उभे होते ते भात होते. कावेरीचा त्रिभुज प्रदेश म्हणजे अक्षरशः भाताचा कारखाना. आषाढाच्या सुमारास नदीला पाणी यावे, पाटांतून ते खाचरांत खेळावे, लवकर येणारे कुरुवै पीक शरदात निघावे आणि मोठे सांबा पीक संक्रांतीच्या आगेमागे खळ्यावर पडावे, असा हा क्रम. खळ्यावरच्या राशीचे दोन भाग होत. सरकारचा तो मेलवारम आणि रयतेचा तो कुडिवारम. मोजण्याचे माप कलम; बारा मरक्कालांचे एक कलम. सरकारी दप्तर तमिळ मापांनी मोजी आणि मोडीत लिही. त्या मोडी कागदांचे गठ्ठे आजही तंजावरात आहेत. त्यांतील निवडक कागद तमिळ विद्यापीठाने १९८९ साली तमिळ भाषांतरासह प्रसिद्ध केले.

असा एकपिकी प्रांत सुस्थितीत आहे की खालावतो आहे, हे कसे ओळखावे? राजाला विचारले तर तो खजिन्याकडे पाहून उत्तर देईल. सावकार आपल्या वहीकडे पाहील. कुळ मात्र पुढच्या वर्षाच्या बियाण्याकडे पाहील. या तिघांची उत्तरे एकच येतील असे आपण गृहीत धरतो. तंजावरच्या इतिहासात एक काळ असा आला की ही तीन उत्तरे तीन दिशांना गेली.

तुळजाजी राजे १७६३ साली गादीवर आले. अर्काटचा नबाब महंमद अली हा तंजावरवर खंडणीचा हक्क सांगत असे, आणि त्याच्या पाठीशी मद्रासचे इंग्रज होते. १७७१ साली स्वारी झाली, राजांवर मोठ्या रकमेचे ओझे पडले. १७७३ साली दुसरी स्वारी झाली आणि राज्यच नबाबाच्या हाती गेले. नबाब स्वतः कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला होता. त्याचे धनको कोण? बहुतेक मद्रासमधील कंपनीचेच नोकर! त्यांत पॉल बेनफील्ड नावाचे एक गृहस्थ होते. कंपनीची किरकोळ पगाराची नोकरी करून या गृहस्थाने सावकारी इतकी वाढविली, की १७७६ साली लंडनच्या आज्ञेवरून गव्हर्नर लॉर्ड पिगट यांनी तुळजाजींना गादी परत दिली तेव्हा बेनफील्डने आपला दावा पुढे केला. नबाबाने तंजावरच्या महसुलावर लिहून दिलेल्या वराता १,६२,००० पौंडांच्या आणि प्रांतातील लोकांना उभ्या पिकावर दिलेली कर्जे ७२,००० पौंडांची, असा हा दावा होता. पिगट यांनी तो मानला नाही. मद्रास कौन्सिलातील बहुमत त्यांच्यावर उलटले, ऑगस्ट १७७६ मध्ये खुद्द गव्हर्नराला कैद झाली, आणि १७७७ च्या मे महिन्यात कैदेतच त्यांचा अंत झाला. कंपनीच्या इतिहासात गव्हर्नराला त्याच्याच सहकाऱ्यांनी पकडल्याचे प्रसंग फार नाहीत. हा प्रसंग घडला तो तंजावरच्या भातावरून. एडमंड बर्क यांनी २८ फेब्रुवारी १७८५ रोजी ब्रिटिश पार्लमेंटात नबाबाच्या कर्जांवर जे गाजलेले भाषण केले, त्यात याच सावकारीचे वाभाडे काढलेले आहेत.

आता त्या तीन वर्षांत कोणी आजच्यासारखी पाहणी केली असती तर काय दिसले असते? वसुली कडक आहे, असे नबाबाचे अंमलदार म्हणाले असते. कर्जाचा धंदा तेजीत आहे, असे सावकाराने सांगितले असते. निर्देशांक खासा पन्नासाच्या वर गेला असता! आणि ज्याच्या खाचरातील पीक कापण्यापूर्वीच दोनदा गहाण पडले होते, त्याला कोणी विचारलेच नसते. आजही पाहण्यांचे आकडे वाचताना मला प्रथम हीच शंका येते, की प्रश्न कोणाला विचारला. संघटित धंद्यातील खरेदी-अधिकाऱ्याचे उत्तर खरेच असते. पण ते त्याच्या खुर्चीवरून दिसणारे असते.

अशा पोखरलेल्या प्रांतावर १७८१ साली हैदरअलीची स्वारी आली. किल्ला तेवढा राजांच्या आणि इंग्रजांच्या हाती राहिला. बाहेरचा सारा मुलूख मैसूरच्या घोडदळाने व्यापला. गुरे हाकून नेली, गावे ओस पडली, कालव्यांची आणि बांधांची निगा कोणी राखीना. फेब्रुवारी १७८२ मध्ये कर्नल ब्रेथवेट याच्या फौजेचा टिपूने कुंभकोणमजवळ अण्णगुडी येथे पुरा पराभव केला, तेव्हा उरलीसुरली आशाही गेली. १७८२ ते १७८५ या अवधीत तंजावरचे उत्पन्न नव्वद टक्क्यांपर्यंत घसरले असावे, असा काहींचा अंदाज आहे. या आकड्याची कल्पना यावी म्हणून सांगतो. १९२९ नंतरच्या जागतिक महामंदीत अमेरिकेचे उत्पादन एक चतुर्थांशाहून थोडे अधिक घटले होते, आणि तेवढ्याने सारे जग हादरले. तंजावरच्या लोकांनी आपल्या आपत्तीला शास्त्रीय नाव दिले नाही. लोक त्या दिवसांना नुसते 'हैदरचा काळ' म्हणत, आणि पुढे कित्येक पिढ्या वाईट दिवसांची उपमा म्हणून तो शब्द वापरीत.

युद्धाने पीक बुडते, यात आश्चर्य ते काय, असे कोणी म्हणेल. आश्चर्याची गोष्ट पुढेच आहे. तंजावर येथे त्या वेळी ख्रिश्चन फ्रीडरिश श्वार्ट्झ नावाचे एक जर्मन मिशनरी राहत असत. तमिळ उत्तम जाणणारे, मराठीही शिकलेले, आणि राजांच्या दरबारात मान असलेले असे हे वृद्ध गृहस्थ होते. त्यांनी १७९४ साली लिहिलेल्या एका पत्रात त्या दिवसांतील दोन प्रसंग नोंदविले आहेत, आणि माझ्या समजुतीप्रमाणे कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाने ते पाठ करून ठेवावेत अशा योग्यतेचे आहेत.

पहिला प्रसंग वेढ्याच्या दिवसांतला. किल्ल्यात धान्य संपत आले होते, शिपाई उपाशी होते, रस्त्यांवर माणसे मरून पडत होती. गंमत अशी, की खेड्यांत धान्य होते. ते वाहून आणावयाला बैल नव्हते; म्हणजे बैलही होते, पण बैलवाले येत नव्हते. पूर्वी आणलेल्या मालाचे आणि भाड्याचे पैसे मिळाले नव्हते, उलट माल लुबाडला गेला होता. राजांनी हुकूम सोडले, विनंत्या केल्या. कोणी बधले नाही. अखेर श्वार्ट्झ यांना गळ घालण्यात आली. पैसे देण्याची हमी मी घेतो, असे त्यांनी गावोगाव कळविले. एकदोन दिवसांत हजार बैल जमले आणि थोडक्याच अवधीत ८०,००० कलमे धान्य किल्ल्यात येऊन पडले. श्वार्ट्झ यांनी प्रत्येकाला चोख पैसे दिले, वर काही थोडी बक्षिसी दिली, आणि लोक घरोघर गेले.

या गोष्टीत नवे पीक आले नव्हते, नवा पैसाही आला नव्हता. जे धान्य आदल्या दिवशी होते तेच दुसऱ्या दिवशी होते. बदलला तो एका प्रश्नाचा जबाब: उद्या माझे मला मिळेल काय?

दुसरा प्रसंग शांतता झाल्यावरचा. मंगळूरचा तह १७८४ साली झाला, मैसूरची फौज गेली. पण तंजावरची शेते मात्र पूर्ववत झाली नाहीत. तुळजाजींच्या राज्याचा कारभार बाबा नावाच्या सरखेलाच्या हाती होता, आणि त्याने वसुलीसाठी असा छळ मांडला की रयत घरेदारे सोडून परमुलखात निघून गेली. युद्ध संपले तरी मंदी चालूच राहिली, ती या कारणाने. सर आर्चिबाल्ड कॅम्बेल मद्रासचे गव्हर्नर असताना, म्हणजे १७८६ च्या सुमारास, कारभाराच्या देखरेखीसाठी एक समिती नेमण्यात आली आणि तीत श्वार्ट्झ यांना जागा दिली. राजांनी रयतेला परत बोलाविले. रयत आली नाही. मग राजांच्याच सांगण्यावरून श्वार्ट्झ यांनी निरोप धाडले, की तुम्हांला न्यायाने वागविले जाईल. एकाच दिवशी सात हजार माणसे परत आली! लावणीचा हंगाम जवळजवळ उलटून गेला होता. त्या लोकांनी रात्रीचा दिवस करून शेते लावली, आणि त्या साली पीक आदल्या वर्षापेक्षा चांगले आले.

आजच्या पाहण्यांत 'पुढील तीन महिन्यांत आपली अपेक्षा काय?' असा एक प्रश्न असतो. रिझर्व्ह बँकही आपल्या औद्योगिक पाहणीत तो विचारते. पुष्कळांना तो प्रश्न पोकळ वाटतो. अपेक्षा म्हणजे काही माल नव्हे, असे ते म्हणतात. तंजावरच्या खाचरांत मात्र अपेक्षा हाच माल होता. शेतकरी बी मातीत टाकतो ते सहा महिन्यांनंतरच्या खळ्याकडे पाहून. खळ्यावर आपला वाटा सुरक्षित नाही असे त्याला वाटले, की तो ते बी खाऊन टाकतो किंवा घेऊन निघून जातो. आणि ही घट खजिन्याच्या हिशेबात दिसते ती पुढच्या सुगीत, तोपर्यंत हंगाम हातचा गेलेला असतो.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. तुळजाजी १७८७ साली वारले. अमरसिंगांची कारकीर्द झाली. १७९८ साली सरफोजी राजे गादीवर आले आणि २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने त्यांनी मुलूख कंपनीच्या हवाली केला. राजांना किल्ला, एक लाख स्टार पॅगोडा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा मिळावयाचा होता. म्हणजे राज्य गेले तरी तंजावरच्या राजाचे नशीब भाताच्या राशीशी बांधलेलेच राहिले. हैदरच्या काळाची झीज भरून निघावयाला एकोणिसावे शतक उजाडले.

कंपनीने धान्याच्या वाट्याऐवजी रोख सारा मागितला, आणि येथे मंदीची एक निराळी वाट उघडली. सारा रोख आणि ठरावीक. भाताचा भाव मात्र बाजाराच्या हाती. भाव निम्मा झाला की तेवढाच सारा भरण्यासाठी दुप्पट भात विकावे लागते. शेतात पीक भरघोस असूनही घरात दारिद्र्य येते. तंजावरात १८२२ च्या सुमारास 'ओळुंगु' नावाची जी पद्धत सुरू झाली, ती मला या दृष्टीने विलक्षण वाटते. सरासरी पिकातील सरकारचा हिस्सा एका प्रमाणभावाने रोखीत बसवावयाचा, आणि चालू भाव ठरावीक मर्यादेपलीकडे चढला वा उतरला तर आकारणीही त्याप्रमाणे बदलावयाची. म्हणजे दरसाल बाजारभाव नोंदला जाणे हे नुसते कुतूहल उरले नाही, त्या नोंदीवर प्रत्येक गावाचा सारा ठरू लागला. दुर्दैवाने ही पद्धत सगळ्या गावांत टिकली नाही. १८३० च्या सुमारास पुष्कळ गावे ठोक आकारणीखाली गेली. आणि नेमक्या त्याच काळात मद्रास इलाख्यात भाव घसरू लागले होते.

ही घसरण पाव शतकाहून अधिक टिकली. तिच्यातून जगणाऱ्यांना ती आपापल्या तालुक्याचे दुर्दैव वाटली असावी. सर आर्थर कॉटन यांनी १८३६ साली कोळ्ळिडम नदीवर वरचा बंधारा घातला, कावेरीला पाणी वाढले, भात वाढले. पण भाव पडलेलेच. या सर्वाला 'मंदी' हे नाव देऊन तिच्या प्रारंभाचे व शेवटाचे साल सांगितले ते शंभर वर्षांनंतर. मद्रास विद्यापीठातील प्राध्यापक पी. जे. थॉमस आणि बी. नटराजन यांनी १९३६ साली एका इंग्रजी नियतकालिकात १८२५ ते १८५४ या काळातील मद्रास इलाख्याच्या मंदीवर निबंध लिहिला. त्यांना हा विषय १९३६ सालीच का सुचावा, याचे उत्तर कठीण नाही. त्यांच्या खिडकीबाहेर दुसरी मंदी उभी होती.

१९२९ नंतर चारपाच वर्षांत मद्रास इलाख्यातील भाताचा भाव सुमारे निम्म्यावर आला. मलायातील रबराचे मळे बंद पडू लागले आणि लाखाहून अधिक तमिळ मजूर स्वदेशी परत पाठविले गेले. पुष्कळजण तंजावर जिल्ह्यातल्याच नागपट्टणम बंदरात उतरले. पेनांगहून येणाऱ्या आगबोटीत किती माणसे उतरतात आणि जाणाऱ्या बोटीत किती चढतात, एवढे जरी कोणी बंदराच्या धक्क्यावर उभे राहून मोजले असते, तरी त्याला मंदीचा उत्तम निर्देशांक मिळाला असता. याच दिवसांत, १९३४ साली, मेट्टूरचे धरण पुरे झाले आणि तंजावरला अधिक पाणी मिळाले. कॉटन यांच्या वेळचाच योग पुन्हा जुळून आला! भात अधिक, भाव कमी. सरकारला साऱ्यात सूट द्यावी लागली.

या खेपेला मात्र एक गोष्ट निराळी होती. मद्रास विद्यापीठातील अर्थशास्त्राचे पहिले प्राध्यापक गिल्बर्ट स्लेटर यांनी आपल्या विद्यार्थ्यांना सुटीत आपापल्या गावी धाडून काही खेड्यांची पाहणी करविली होती आणि ती १९१८ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली होती. जमीन कोणाकडे, मजुरी काय, कर्ज किती, घरात काय शिजते, असे ते प्रश्न होते. त्या खेड्यांत तंजावर जिल्ह्यातील पालक्कुरिच्ची हे एक होते. १९३४ साली बौली आणि रॉबर्टसन या दोघा इंग्रज तज्ज्ञांनी हिंदुस्थानची आर्थिक मोजदाद कशी करावी याचा आराखडा दिला, त्यातही खेड्यांच्या पाहणीवर भर होता. १९३६-३७ साली थॉमस आणि के. सी. रामकृष्णन यांनी स्लेटर यांच्याच खेड्यांत पुन्हा माणसे पाठविली, तेच प्रश्न विचारविले, आणि १९४० साली दोन्ही उत्तरे जगापुढे ठेवली.

तंजावरच्या खेड्यात अशी तुलना करताना एक अडचण पुढे येते, ती सांगितलीच पाहिजे. तेथील शेतमजुराला, ज्याला पण्णैयाळ म्हणत त्याला, मजुरी बहुशः भातातच मिळे. भाव निम्मा झाला म्हणून त्याची मापटी निम्मी होत नसे, आणि भाव चढला म्हणून वाढतही नसे. बाजारभावाच्या तक्त्यात तो दिसतच नाही. मिरासदाराची मंदी भावात दिसते. मजुराची मंदी वर्षात काम किती दिवस मिळाले यात दिसते, आणि ते दिवस कोणत्याही दप्तरात, मोडीत किंवा इंग्रजीत, लिहिलेले नसत. ते विचारण्यासाठी पालक्कुरिच्चीच्या मजुरांच्या वस्तीपर्यंत चालतच जावे लागे. त्या गावी १९८३ च्या सुमारास पुन्हा एकदा अभ्यासक गेले, तेव्हाही त्यांच्या हाती स्लेटर यांचे जुने प्रश्न होते.